कार्डयोग

ग्राफिक्स कार्ड विकणाऱ्या दुकानदाराला गिऱ्हाइकाबद्दल एवढंच जाणून घ्यायचं असतं: "गेम कोणता खेळणार?" मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर पुण्यात तापकीर गल्लीत, प्रश्न तोच. "आत्याला नाटक दाखवायचंय," हे उत्तर त्याच्या कानाला नवीन असतं. ऐकू न आल्यासारखं करून तो पुन्हा विचारतो. गिऱ्हाईक पुन्हा समजावून सांगतं: घरी सर्व्हर आहे, त्यात लग्नांची शूटिंगं आहेत, जुन्या डीव्हीडी आहेत, मुलांची गॅदरिंगं आहेत, आणि आत्याच्या टीव्हीवर ते सगळं अडखळत चालतं. दुकानदार क्षणभर गप्प होतो. मग स्टूल ओढतो, वर चढतो आणि सगळ्यात वरच्या फळीवरचं तीन पंख्यांचं, सप्तरंगी दिव्यांचं खोकं खाली काढतो. "हे घेऊन जा साहेब. यावर काहीपण चालतं."

चालतं हे खरंच आहे. फक्त त्या भल्यामोठ्या कार्डातलं नेमकं काय चालतं, हे तो सांगत नाही आणि बहुधा त्यालाही कुणी सांगितलेलं नसतं.

मराठी माणूस खरेदीत दोनच तत्त्वं मानतो. 'महाग आहे म्हणजे चांगलंच असणार' हे लग्नाच्या बस्त्यापुरतं, आणि 'एवढं कशाला?' हे उरलेल्या आयुष्यासाठी. व्हिडिओ ट्रान्सकोडिंगसाठी कार्ड घेताना पहिलं तत्त्व सपशेल आपटतं आणि दुसरं शास्त्रशुद्ध ठरतं. चिकटपणाला अभियांत्रिकीचा एवढा भक्कम पाठिंबा दुसऱ्या कुठल्या दुकानात मिळत असेल असं मला वाटत नाही.

ज्यांना हे व्यसन अजून लागलेलं नाही त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका. घरगुती मीडिया सर्व्हर म्हणजे एखाद्या ऑफिसने टाकून दिलेला कॉम्प्युटर, त्यात मोठाल्या हार्ड डिस्क, आणि वर प्लेक्स किंवा जेलिफिन नावाचं सॉफ्टवेअर. घरातले सगळे व्हिडिओ एका जागी येतात आणि कुठल्याही पडद्यावर पोस्टरांसकट हजर होतात. पोस्टरं हे सॉफ्टवेअर इंटरनेटवरून आपल्या अकलेने शोधतं. आमच्याकडे भाच्याच्या मुंजीच्या फोल्डरला २०२४ च्या 'मुंज्या' या भयपटाचं पोस्टर लागलं. ते कुणी बदललं नाही. मुंजीच्या अल्बमच्या मुखपृष्ठापेक्षा बरं दिसतं, असं सर्वानुमते ठरलं.

हा उद्योग आरंभणारा प्रत्येकजण सांगतो की ओटीटीच्या वर्गण्या परवडेनात म्हणून केलं. हार्ड डिस्कचा खर्च तो वेगळ्या वहीत मांडतो.

आता कार्डाचा प्रश्न. तो येतो प्रेक्षकांमुळे. स्वयंपाक एकच आणि पंगतीत प्रत्येकाचं पथ्य निराळं, अशी सर्व्हरची अवस्था असते. भाच्याच्या आयफोनने टिपलेलं बारसं एचईव्हीसीमध्ये असतं, ही पद्धत २०१३ ची. आत्याच्या टीव्हीला २००३ सालचं एच.२६४ तेवढं ठाऊक. ऑफिसच्या लॅपटॉपवरच्या ब्राउझरला डीव्हीडीतलं एमपेग-२ अजिबात चालत नाही. बसमध्ये बसलेल्या मुलीच्या फोनला सगळं चालतं, पण डेटा पुरत नाही. मग सर्व्हर चालू व्हिडिओतलं एकेक चित्र उलगडतो, समोरच्याच्या मापाने पुन्हा बांधतो आणि सेकंदाला पंचवीस-तीस या वेगाने पुढे सरकवतो. हेच ट्रान्सकोडिंग. प्रेक्षकाला यातलं काही कळता कामा नये. कळलंच तर त्याला 'अडकतंय' असं म्हणतात, आणि ते वरच्या पट्टीत, आतल्या खोलीतून ऐकू येतं.

प्रोसेसर हे काम एकट्यानेही करू शकतो. प्लेक्सचा स्वतःचा ठोकताळा असा, की १०८०पीचा एक साधा प्रेक्षक सांभाळायला पासमार्क नावाच्या परीक्षेत २,००० गुण मिळवणारा प्रोसेसर पुरतो. ४के एचडीआर फाइलचा एक प्रेक्षक आला की लागतात १७,०००. ऑफिसने टाकून दिलेल्या डब्याकडे १७,००० गुण नसतात. असते तर ऑफिसने तो टाकला नसता.

इथे ग्राफिक्स कार्ड कामाला येतं, पण ज्या गुणांवर ते विकलं जातं त्या गुणांमुळे नव्हे. व्हिडिओ उलगडण्या-बांधण्याचं काम चिपच्या एका कोपऱ्यात कोरलेलं वेगळं सर्किट करतं. इंटेलने असं सर्किट २०११ साली क्विक सिंक या नावाने थेट प्रोसेसरच्या पोटात बसवलं. एनव्हिडियाचा एन्कोडर, ज्याला जाणकार एनव्हेंक म्हणतात, तो २०१२ पासून कार्डांवर येऊ लागला. गेमसाठी जे हजारो कोर असतात, ज्यांची संख्या खोक्यावर ठळक छापतात आणि ज्यांचे पैसे आपण मोजतो, त्यांचा या कामाशी संबंध जेमतेम. आरटीएक्स ३०९० वर असे १०,४९६ कोर आहेत. आत्या नाटक बघत असते तेव्हा ते जवळपास सगळे बसून असतात. एचडीआरचे भडक रंग साध्या टीव्हीसाठी उतरवायचे झाले तर त्यातले थोडे उठतात, तेवढं करतात आणि परत बसतात.

आणि एन्कोडर? त्याच पिढीतल्या सगळ्यात धाकट्या आरटीएक्स ३०५० मध्ये जो आहे, तोच. पिढी तीच आणि संख्याही तीच: एक. थोरल्याला ३५० वॅट लागतात. धाकट्याची ६ जीबीची आवृत्ती ७० वॅटमध्ये भागवते, वेगळी वायरही मागत नाही. दोघांतला फरक आत्याला दिसणार नाही. वीजबिल भरणाऱ्याला दिसेल.

हे हिंजवडीतल्या भाच्याला पटत नाही. प्रत्येक घराला असा एक भाचा असतो, आणि त्याला विचारल्याशिवाय घरात तीन पिनांचं काहीही येत नाही. तो सल्ला देतो: "मामा, घेताय तर फ्यूचर प्रूफ घ्या." भाच्याच्या शब्दकोशात फ्यूचर प्रूफ म्हणजे दुकानात असेल ते सगळ्यात महाग. "आरटीएक्स ४०९० मध्ये एन्कोडर दोन आहेत," तो सांगतो, आणि ते खरं आहे. दोन एन्कोडर, ४५० वॅट, दीड लाखाच्या पुढची किंमत. ४०६० मध्ये त्याच पिढीचा एक. मामा मनात हिशेब करतात की दुसरा एन्कोडर वसूल करायचा तर आणखी किमान दहा तरी आत्या लागतील, आणि आजोबांच्या पिढीतल्या कुटुंबनियोजनाबद्दल आता काही करता येण्यासारखं नाही.

भविष्याचंच म्हणाल तर गंमत अशी, की ते आधी स्वस्त कार्डात आलं. एव्ही१ ही व्हिडिओची नवी, कुणाला स्वामित्वधन न देता वापरण्यासाठी काढलेली पद्धत २०१८ ची. ती हार्डवेअरमध्ये बांधून देणारं पहिलं घरगुती कार्ड इंटेलचं आर्क ए३८०. ते २०२२ च्या मध्यात बाजारात आलं, ४०९० च्या काही महिने आधी. चाळीशीच्या मालिकेतल्या दिमाखदार कार्डांनी पुढे जे केलं, ते हे ७५ वॅटचं कार्ड आधीच करत होतं. यात भाच्याची चूक नाही. तो गेम खेळतो. गेम खेळणाऱ्यांनी त्या काळात आर्कच्या ड्रायव्हरांना जी नावं ठेवली ती योग्यच होती. व्हिडिओवाल्यांना त्याच्याशी कर्तव्य नव्हतं.

पण स्वस्ताच्या बाजूलाही खड्डे आहेत. तेही सांगायला हवेत, नाहीतर चिकट माणूस अतिआत्मविश्वासाने चालायला लागेल. जीटी १०३० हे २०१७ चं इवलंसं, गुणी दिसणारं कार्ड. कमी वीज, कमी जागा, कमी किंमत. त्यात एन्कोडर नाही. कमी ताकदीचा आहे असं नव्हे, मुळातच नाही. ते व्हिडिओ उलगडून दाखवतं, बांधून देत नाही. एएमडीची आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी ही २०२२ ची कार्डं घ्या. दिसायला आधुनिक, नावात मोठे आकडे, आणि एन्कोडरच्या रकान्यात भोपळा. एव्ही१ उलगडताही येत नाही. या तिन्हींच्या मालकांना भेटलात तर कार्ड कसं आहे असं विचारू नका. "गेम बरे चालतात," असं उत्तर येतं, आणि त्यामागचं दुःख आवाजावरून ओळखू येतं.

दुर्दैवाने ही माहिती खोक्यावर नसते. खोक्यावर असतो चिलखतातला एक यंत्रमानव. व्हिडिओ सर्व्हरसाठी कार्ड घेणाऱ्याने त्या यंत्रमानवाकडे पाठ फिरवून कंपनीच्या संकेतस्थळावरचा एन्कोडरचा तक्ता वाचायचा असतो. तो तक्ता रुक्ष आहे, बारीक अक्षरात आहे, आणि आपल्याकडे विम्याच्या कागदपत्रांचं जे होतं तेच त्याचंही होतं. घेऊन झाल्यावर वाचला जातो.

आणखी एक मजा म्हणजे मर्यादा. एनव्हिडियाने आपल्या साध्या कार्डांवर बरीच वर्षं असा नियम ठेवला होता की एका वेळी दोनच व्हिडिओ बांधायचे. २०२० मध्ये दोनाचे तीन झाले, २०२३ मध्ये पाच, २०२४ मध्ये आठ. यासाठी कुणाला नवं कार्ड घ्यावं लागलं नाही. ड्रायव्हर अद्ययावत केला आणि आदल्या रात्रीपर्यंत चौथ्या प्रेक्षकाला नाही म्हणणारं तेच कार्ड सकाळी पाच जणांना हो म्हणू लागलं. म्हणजे ताकद आधीपासूनच होती, परवानगी नव्हती. उत्साही मंडळींनी त्याच्या कितीतरी आधी ड्रायव्हरला ठिगळ लावून मर्यादा काढून टाकली होती. ज्यांना असलं काही करायला संकोच वाटत होता त्यांनी क्वाड्रो पी२००० घेतलं. मुळात इंजिनिअरांच्या ड्रॉइंगसाठीचं हे कार्ड ५ जीबीचं, ७५ वॅटचं आणि अशी मर्यादा नसलेलं. कचेऱ्यांमधून ते निवृत्त झालं आणि घराघरांतल्या सर्व्हरांनी त्याला सन्मानाने दत्तक घेतलं.

तरी माझं मत असं, की गौरी-गणपतीत घर भरलेलं असताना एका वेळी आठ माणसं आठ खोल्यांत आठ वेगवेगळे व्हिडिओ बघत असतील, तर बदलायला हवं ते कार्ड नव्हे.

सेकंडहँडचा विषय निघाला की खाणकामाचा निघतोच. इथेरियमचं नाणं खणण्यासाठी लोकांनी कार्डं रात्रंदिवस राबवली होती. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने आपली पद्धतच बदलली, कार्डांची गरज संपली, आणि ती ढिगांनी बाजारात आली. "मायनिंगचं नाही ना?" हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक सौद्यात विचारला जातो आणि त्याचं उत्तर प्रत्येक वेळी "छे हो, मुलगा कधीतरी क्रिकेट खेळायचा" असं येतं. पंखे झिजलेले असतात, पेस्ट वाळलेली असते, हे सगळं मान्य. पण खाणकामात एन्कोडरला कुणी हात लावत नाही. दोन वर्षं भट्टीत राबलेल्या त्या कार्डाचा आपल्याला हवा तेवढा कोपरा कोरा करकरीत असतो. पंख्यांचे पैसे किमतीतून वजा करायला सांगावेत. विकणारा नाही म्हणेल, पण सांगावेत.

आता माझं आवडतं उदाहरण. इंटेलच्या त्या आर्क मालिकेत सगळ्यात खाली ए३१०, त्यावर ए३८०, आणि सगळ्यात वर ए७७०. गेममध्ये वरच्या आणि खालच्या कार्डात काहीच्या काही अंतर. व्हिडिओचं इंजिन मात्र तिन्हींत तेच, आणि तिन्हींत दोन-दोन. कुठल्याही व्यवहारी माणसाने हे वाक्य दोनदा वाचावं. सगळ्यात स्वस्त वस्तू आणि सगळ्यात महाग वस्तू आपल्या कामासाठी सारखीच आहे, हे विकणाऱ्या कंपनीच्याच तक्त्यात छापलेलं आहे. ए३८० ४०९० च्या साधारण दहाव्या हिश्श्यात येतं.

खोड्या आहेत, नाही असं नाही. लिनक्सवर चालवायचं तर कर्नल ६.२ किंवा नंतरचं हवं. रिकामं बसलेलं असतानाही ए३८० पंधरा-वीस वॅट खातं, आणि बायोसमध्ये शिरून एएसपीएम नावाची सोय चालू केल्याशिवाय ते ऐकत नाही. बुटक्या आवृत्तीतल्या एकाचा पंखा विनाकारण चढतो, उतरतो, परत चढतो. शांत घरात हे लक्षात येतं. आमच्याकडे मिक्सर, कुकर, समोरच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट आणि टीव्हीवरच्या चर्चा चालू असल्यामुळे तो मुद्दा गैरलागू आहे.

बुटकी आवृत्ती लागते कारण ऑफिसातून आलेले ते डबे बुटके असतात. पुण्या-मुंबईत रिफर्बिश्ड नावाखाली जे पीसी मिळतात त्यात उभं कार्ड मावत नाही, आणि वीजपुरवठ्याला कार्डासाठी वेगळी वायर नसते. जे काही मिळायचं ते स्लॉटमधूनच, आणि स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. म्हणून हौशी माणसाच्या यादीत येणारी कार्डं ७५ च्या आतली असतात. कार्डाबरोबर बुटकी पट्टी येते, ती खोक्याच्या तळाशी असते, आणि खोकं रद्दीत गेल्यावर तिची आठवण होते. ती वेगळी विकत मिळत नाही. मिळाली तर दुसऱ्याच कार्डाची मिळते.

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला "येताना आण" असं सांगण्याची प्रथा मात्र अजून टिकून आहे. चितळेंची बाकरवडी तिकडे, ग्राफिक्स कार्ड इकडे, असा हा व्यापार. साड्यांच्या घडीत गुंडाळून ते येतं, ताईसाहेब उतरल्या उतरल्या "तुझं ते यंत्र" म्हणून हातात देतात, आणि वॉरंटी न्यू जर्सीतच राहते.

एवढी सगळी चर्चा झाल्यावर आता जी गोष्ट सांगणार आहे ती खरं तर आधी सांगायला हवी. बहुतेकांना कार्ड लागतच नाही. इंटेलच्या सातव्या पिढीपासून, म्हणजे २०१७ पासून पुढच्या प्रोसेसरांच्या पोटातलं क्विक सिंक १० बिट एचईव्हीसी व्यवस्थित उलगडतं आणि बांधतं. अकराव्या पिढीपासून एव्ही१ उलगडतं. एन१०० नावाचा २०२३ चा प्रोसेसर ६ वॅटचा आहे. त्याचा मिनी पीसी मिसळणाच्या डब्याएवढा असतो आणि घरातल्या दोन-तीन प्रेक्षकांचं ४के सांभाळतो. तो आणून टीव्हीमागे ठेवला की सांगण्यासारखं काही उरत नाही, हाच त्याचा दोष. चार पाहुण्यांना बोलावून दाखवावं असं त्यात काही नाही.

अपवाद एक. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असेल तर त्यात ग्राफिक्सचा भाग बंद असतो. हा 'एफ' घेतला की हजारभर रुपये वाचतात. मग ते वाचलेले हजार रुपये बरोबर घेऊन माणूस दहापट किमतीचं कार्ड घ्यायला निघतो. चिकटपणाचा एवढा उलटा झटका मी दुसरीकडे पाहिलेला नाही. काटकसर करावी, पण शेवटचं अक्षर वाचून करावी. आणि ज्यांना वाटतं की रास्पबेरी पाय आहेच घरात, त्यांनी जाणून असावं की २०२३ च्या पाय ५ मधून व्हिडिओ बांधणारं हार्डवेअर काढून टाकलेलं आहे.

बरं, आत्याचं नाटक. जुन्या मराठी नाटकांचा साठा ज्या व्हीसीडी-डीव्हीडींवरून आलेला असतो, त्या बहुतेक मोझर बेअरच्या काळातल्या, व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना मिळायची तेव्हाच्या. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८, डीव्हीडीचं ७२० बाय ५७६. एवढुशा चित्राला नवं रूप द्यायला दहा वर्षांपूर्वीचा साधा प्रोसेसरही पुरतो. तरी अडखळतं, कारण राउटर दिवाणखान्यात आहे, टीव्ही आतल्या खोलीत आहे, आणि मध्ये दीड विटेची भिंत, गोदरेजचं कपाट आणि त्यात पितळेची भांडी आहेत. या दोषावर एनव्हिडियाकडे इलाज नाही. केबल ओढावी. केबल ओढली तरी बहुतेक टीव्हींचं पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं, पण नाटकाला ते भरपूर झालं.

उरलेल्या अडखळण्यामागे सबटायटलं निघतात. वयोमानाने ऐकू कमी येतं, म्हणून आत्या इंग्रजी सिनेमाला, आणि हल्ली मराठीलाही, सबटायटलं लावते. ब्लू-रेवरची सबटायटलं ही अक्षरं नसतात, अक्षरांची चित्रं असतात. अनेक टीव्हींना ती चित्रं वर ठेवता येत नाहीत, मग सर्व्हरला प्रत्येक फ्रेम नव्याने बांधून त्यावर ती उमटवावी लागतात. दोन ओळींपायी अख्खा सिनेमा ट्रान्सकोड होतो. तीच सबटायटलं साध्या मजकुराच्या एसआरटी फाइलमध्ये घेतली तर टीव्ही ती स्वतः दाखवतो आणि सर्व्हर हात बांधून बसतो. खर्च शून्य. फोनच्या ॲपमध्ये दर्जा 'ओरिजिनल'वर आहे का तेही बघावं. कित्येक ॲपं घराबाहेर गेली की न विचारता तो खाली आणतात, आणि इकडे माणूस कार्डांचे भाव बघत बसतो.

कार्डाचं खरं काम कुठे पडतं म्हणाल तर हळदीला. २०२० च्या आयफोन १२ पासून हे फोन एचडीआरमध्ये शूट करतात. ते साध्या टीव्हीवर जसंच्या तसं लावलं की रंग उडतात. हळद राखाडी, शालू मेणचट, आणि नवरी ताप आल्यासारखी. मुलीकडचे विचारतात, मुलाकडचे गप्प बसतात. हे रंग नीट उतरवून देणं प्रोसेसरला एकट्याने झेपत नाही. क्विक सिंक असलेला प्रोसेसर किंवा छोटं कार्ड ते बिनबोभाट करतं. एवढ्या एका कामासाठी मी ट्रान्सकोडिंगवरचा खर्च समर्थनीय मानतो. घराण्याच्या अब्रूचा प्रश्न आहे.

यात एक सरकारी अट विसरू नका: प्लेक्समध्ये कार्डाची ही ताकद वापरायला प्लेक्स पास लागतो. आजन्म पासाची किंमत २०२५ मध्ये १२० डॉलरवरून २५० डॉलर झाली. वर्गणी टाळायला निघालेल्या माणसाने वर्गणी भरून वर्गणी टाळायची. जेलिफिन फुकट आहे. एम्बी या सॉफ्टवेअरने २०१८ मध्ये दरवाजे बंद केले तेव्हा काही रुसलेल्या मंडळींनी वेगळी चूल मांडली, तीच ही. मराठी माणसाला ही कथा नव्याने समजावून सांगायची गरज नाही.

वीजबिलाचं मात्र बोलायलाच हवं, कारण सर्व्हर चोवीस तास चालू असतो आणि घरातलं माणूस ते रोज मोजतं. नुसतं बसून वीस वॅट खाणारं कार्ड महिन्याला साधारण १४ युनिट खातं. महाराष्ट्रात घरगुती दराचे टप्पे १०० युनिटांवर बदलतात. पंच्याण्णव युनिटांवर सुखाने नांदणारं घर या कार्डामुळे पुढच्या टप्प्यात जातं, आणि मग चर्चा ट्रान्सकोडिंगवर राहत नाही. ती माळ्यावरच्या सामानावर, तिथून व्यायामाच्या सायकलवर, आणि तिथून तुमच्या माहेरच्या-सासरच्या माणसांच्या एकंदर हौशींवर जाते.

तेव्हा असं करा. आधी वायफाय, सबटायटलं आणि ॲपमधला दर्जा बघा. मग प्रोसेसरचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. सातव्या पिढीचा किंवा नंतरचा इंटेल असेल आणि शेवटी 'एफ' नसेल, तर दुकानात जाऊच नका. तसा प्रोसेसर नसेलच तर ए३१० किंवा ए३८० घ्या. कॅबिनेट बुटकं असेल तर बुटकी पट्टी मोजून घ्या, पक्की पावती घ्या. भाच्याला घेऊन झाल्यावर कळवा. वाचलेल्या पैशाची आणखी एक हार्ड डिस्क घ्या. ती लागणारच आहे.